उपवासाच्या ताटाचा ग्लायसेमिक इंडेक्स: काय घ्यावं, किती घ्यावं, कसं शिजवावं

एकादशीचं नेहमीचं ताट घ्या. साबुदाण्याची खिचडी, तिच्यातच बटाट्याच्या फोडी, बाजूला रताळ्याचे गोड काप आणि वाटीभर शिकरण. धान्य वर्ज्य केलं खरं, पण ताटात पिष्ट किंवा साखर नसलेला पदार्थ शोधूनही सापडत नाही. रोजच्या जेवणात निदान आमटी, उसळ, पालेभाजी असते. उपवासाला नेमक्या त्याच गोष्टी जातात आणि त्यांची जागा कंद, साबुदाणा आणि गूळ-साखर घेतात. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही थट्टा जेवणानंतरच्या शुगरच्या बाबतीत अक्षरशः खरी ठरते ती यामुळे. उपवास सोडून द्यायची गरज नाही. पदार्थ निवडताना दोन आकडे आणि एक वजनकाटा जवळ ठेवला की बरंच काम होतं.

आकडा नेमका काय सांगतो

ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे जीआय, ही कल्पना टोरोंटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडली. ज्या पदार्थाची परीक्षा घ्यायची त्यातून पचणारी ५० ग्रॅम कर्बोदकं मिळतील एवढा तो पदार्थ उपाशीपोटी खायला देतात आणि पुढचे दोन तास रक्तातली साखर मोजतात. त्याच माणसांना वेगळ्या दिवशी ५० ग्रॅम ग्लुकोज देतात. ग्लुकोजची चढण १०० धरली तर पदार्थाची किती, तो त्याचा जीआय. ५५ आणि त्याखाली कमी, ५६ ते ६९ मध्यम, ७० आणि वर जास्त.

यात एक मेख आहे. ५० ग्रॅम कर्बोदकं मिळवायला कलिंगड साधारण पाऊण किलो खावं लागेल, साबुदाणा मात्र कोरडा ५७-५८ ग्रॅमच पुरतो. कलिंगडाचा जीआय ७६ च्या आसपास, साबुदाण्याचाही तसाच. म्हणून नुसता जीआय पाहून कलिंगडाला साबुदाण्याच्या रांगेत बसवणं चूक आहे. हा घोळ ग्लायसेमिक लोड सोडवतो. हिशोब असा: जीआय गुणिले खाल्लेल्या वाढीतली कर्बोदकं, भागिले १००. कलिंगडाच्या १२० ग्रॅम फोडींत सुमारे ९ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे लोड ७. कोरड्या ६० ग्रॅम साबुदाण्यात ५२ ग्रॅम कर्बोदकं. जीआय ७० धरला तरी लोड ३६. एका वाढीला १० पर्यंत कमी, ११ ते १९ मध्यम, २० आणि वर जास्त. स्वयंपाकघरात खरा कामाचा आकडा हा दुसरा.

उलटी फसगतही होते. उकडलेल्या बटाट्याचा जीआय ७८ च्या घरात, तर बटाट्याच्या वेफर्सचा ५६ च्या आसपास. तेलामुळे अन्न पोटातून सावकाश पुढे सरकतं, म्हणून आकडा उतरतो. त्यावरून वेफर्स चांगले ठरत नाहीत. तेवढ्याच वजनाला उष्मांक सहापटीच्या आसपास झालेले असतात. फळसाखरेचा, म्हणजे फ्रुक्टोजचा जीआय २० च्याही खाली आहे, पण ती भरपूर खाल्ली तर यकृतावर चरबी साचायला मदतच होते. कमी जीआय म्हणजे तब्येतीला चांगलं, असा सरसकट अर्थ काढू नका.

रोजच्या जेवणात

उपवासाचं गणित कळायला आधी रोजचं ताट पाहू. पांढरा भात ७३ च्या आसपास. पण जातीनुसार हा आकडा पन्नाशीपासून नव्वदीपर्यंत हलतो. ज्या तांदळात अमायलोज (सावकाश पचणारा पिष्टाचा प्रकार) जास्त असतं त्याचा भात मोकळा होतो आणि साखर सावकाश चढवतो. बासमती त्यात येतो. शिजल्यावर चिकट, मऊ होणारा तांदूळ साधारणपणे वेगाने पचतो. कोकणात आणि गोव्यात खातात तो उकडा तांदूळ सहसा साध्या पांढऱ्या तांदळापेक्षा कमी जीआयचा असतो, कारण साळीसकट उकडून वाळवताना पिष्टाची रचना बदलते. त्याची पेज मात्र खूप शिजवून गुरगुटी केली की हा फायदा बराचसा जातो.

गव्हाच्या पोळीचे आकडे ५० ते ६६ असे मिळतात. मसूर ३२, हरभरा २८, राजमा २४. आणि आता आपल्या भाकऱ्या. आंतरराष्ट्रीय तक्त्यांत एका भारतीय अभ्यासातले आकडे आहेत: बाजरी ५५, ज्वारी ७७, नाचणी चक्क १०४. इतर अभ्यासांत नाचणी यापेक्षा बरीच खाली आलेली आहे, त्यामुळे १०४ हा शेवटचा शब्द समजू नये. पण ‘नाचणी म्हणजे मधुमेहाचं औषध’ असं मानून सकाळी वाडगाभर नाचणी सत्त्वाची लापशी पिणाऱ्यांनी थोडं थांबावं. सत्त्व म्हणजे कोंडा गाळून उरलेलं बारीक पिष्ट. पाण्यात शिजवलं की पचायला काही शिल्लकच राहत नाही. नाचणी खायची तर भाकरी करून, उसळीबरोबर.

हाच नियम सगळीकडे लागतो. अख्खा दाणा, मग भरड, मग पीठ, मग लापशी, या क्रमाने आकडा चढत जातो. त्यात आंबटपणाने उतार मिळतो: लिंबू, दही, ताक, आमसूल. शिजवून गार केल्यानेही मिळतो, कारण गार होताना काही पिष्ट न पचणाऱ्या रूपात जातं. उकडलेले लाल बटाटे गरम असताना ८९ आणि गार केल्यावर ५६, इतका मोठा फरक एका अभ्यासात दिसला आहे. भाताबाबत फरक होतो, पण एवढा नाही. रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकायचा असेल तर तो तास-दीड तासात फ्रिजमध्ये गेला पाहिजे. ओट्यावर रात्रभर राहिलेल्या भातात जे जिवाणू वाढतात, त्यांचं विष परतल्यानेही जात नाही.

उपवासाचं सामान, एकेक करून

साबुदाणा. आपल्याकडचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून, मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलम भागात तयार होतो. कंद किसून, धुऊन त्यातलं फक्त पिष्ट काढतात, त्याचे गोळे करून भाजतात. त्यामुळे १०० ग्रॅममध्ये कर्बोदकं ८५ ते ८८ ग्रॅम आणि प्रथिनं अर्धा ग्रॅमही नाहीत. तंतू जवळजवळ शून्य. तक्त्यांत टॅपिओकाचे आकडे ७० आणि ८१ असे दिसतात. उपवासाच्या सामानात सगळ्यात जपून वापरायची गोष्ट हीच. खिचडी निदान दाण्याच्या कुटामुळे सावरते. साबुदाण्याची खीर म्हणजे पिष्ट आणि साखर एकत्र, ती मधुमेहींनी सोडलेलीच बरी.

भगर. बाजारात वरई आणि बर्टी ही दोन्ही बारीक धान्यं भगर म्हणून विकली जातात. वरईच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ६५ ग्रॅम कर्बोदकं, १० ग्रॅम प्रथिनं आणि ७ ग्रॅमच्या वर तंतू असतात. हे कमी पॉलिश केलेल्या दाण्याबद्दल. बर्टीवरच्या एका भारतीय अभ्यासात साध्या दाण्यांचा जीआय ५० आणि उष्णतेची प्रक्रिया केलेल्यांचा ४१.७ आला. पांढरीशुभ्र, खूप पॉलिश केलेली भगर यापेक्षा वर जाणार. मळकट पिवळसर दिसणारी मिळाली तर ती घ्या. भगरीचं सुटं पीठ मात्र घेऊ नका. दमट हवेत त्यावर बुरशी धरते आणि नवरात्र-महाशिवरात्रीला विषबाधेच्या बातम्या येतात त्या बहुतेक अशा पिठाच्या. अख्खी भगर निवडून, धुऊन, वाळवून घरच्या मिक्सरवर लागेल तेवढीच दळावी.

राजगिरा. इथे बहुतेकांची समजूत चुकते. धान्य म्हणून राजगिरा उत्तम आहे, १०० ग्रॅमला १३-१४ ग्रॅम प्रथिनं. पण आपण तो खातो लाहीच्या रूपात. लाही फुटते तेव्हा दाण्यातलं पिष्ट पूर्ण उलगडतं. १९९७ मध्ये मधुमेहींवर झालेल्या एका भारतीय अभ्यासात दुधातल्या राजगिरा लाहीचा जीआय ९७ निघाला, म्हणजे जवळपास ग्लुकोजच. त्यात लाडू आणि चिक्कीला गुळाचा पाक. राजगिऱ्याच्या पिठाची पोळी किंवा थालीपीठ हा त्यामानाने पुष्कळ बरा मार्ग, तोही ३०-४० ग्रॅम पिठापुरता. आणि राजगिऱ्याची पालेभाजी तुमच्या घरी उपवासाला चालत असेल तर ती रोज करा. ताटातली पालेभाजीची रिकामी जागा तीच भरते.

रताळं. ‘रताळं चालतं’ हे अर्धसत्य. कसं शिजवलं यावर सगळं आहे. जमैकातल्या रताळ्यांच्या जातींवर झालेल्या अभ्यासात उकडलेल्यांचे आकडे ४१ ते ५० आले, आणि भाजलेल्यांचे ७९ ते ९४. आपल्या बाजारातल्या जाती वेगळ्या आहेत, म्हणून आकडे जसेच्या तसे धरू नका, पण दिशा तीच राहते: निखाऱ्यावर किंवा ओव्हनमध्ये भाजलेलं रताळं खूप गोड लागतं ते उगीच नाही. सालीसकट उकडा, फार मऊ होऊ देऊ नका, गार करून काप करा. १०० ग्रॅमला २० ते २४ ग्रॅम कर्बोदकं. पाकातले काप म्हणजे वेगळाच पदार्थ, तो मिठाईत मोजा.

बटाटा. १०० ग्रॅमला १५ ते १७ ग्रॅम कर्बोदकं. जीआयचा आकडा मोठा, पण साबुदाण्याएवढा घट्ट नाही, कारण त्यात पाणी आहे. आदल्या रात्री उकडून फ्रिजमध्ये ठेवलेला, दुसऱ्या दिवशी दही-कुटात कालवलेला बटाटा चालतो. साबुदाण्यात घातलेला बटाटा चालत नाही; एका ताटात एकच पिष्ट हा या लेखातला सगळ्यात उपयोगी नियम.

शिंगाड्याचं पीठ बहुतांशी पिष्टच आहे, त्यामुळे त्याची लापशी किंवा शिरा साबुदाण्याच्याच पंगतीत धरा. ताजे शिंगाडे ही गोष्ट निराळी. भंडारा-गोंदियाच्या तलावांतून पावसाळा सरताना येतात ते हिरवे-लालसर शिंगाडे उकडून, सोलून खाल्ले तर पाणी आणि तंतूंमुळे पोट भरतं आणि खाण्याचा वेगही आपोआप मंदावतो. सुरण आणि कच्ची केळी यांनाही उपवासाच्या स्वयंपाकात उगीच मागे टाकलं गेलं आहे. कच्च्या केळ्याचा कीस बटाट्याच्या किसासारखाच होतो.

शेंगदाणे. जीआय १४ च्या आसपास, १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रथिनं. उपवासाच्या ताटात डाळीचं काम हेच करतात. पण १०० ग्रॅमला साडेपाचशेवर उष्मांक आहेत, म्हणून एका वेळी ३० ग्रॅम, म्हणजे साधारण एक मूठ. दाण्याचा लाडू या हिशोबात बसत नाही, कारण त्यात निम्म्याच्या आसपास गूळ असतो.

दूध ३९, दही ४१ च्या आसपास, दोन्ही कमी गटात. पनीर, ओलं खोबरं, काकडी यांचा विचार जीआयच्या दृष्टीने करायची गरजच नाही, त्यांत मोजण्याइतकं पिष्ट नाही. फळांमध्ये सफरचंद ३६, संत्रं ४३, पिकलेलं केळं आणि आंबा ५१ च्या आसपास. केळं पूर्ण पिवळं, ठिपके न पडलेलं घ्या. फळ चावून खायचं, रस काढायचा नाही. ग्लासभर संत्र्याच्या रसाला तीन-चार संत्री लागतात. तेवढी सलग कुणी खात नाही. खजूर कमी ते मध्यम गटात येतो, पण एकेका बीमागे ६ ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणून दोन.

खिचडी, पण हिशोबाची

एका माणसाला: कोरडा साबुदाणा २५ ग्रॅम, भाजलेल्या दाण्यांचं भरड कूट ३० ग्रॅम, कुस्करलेलं पनीर ४० ग्रॅम, तूप २ छोटे चमचे, जिरं, हिरवी मिरची, सैंधव, अर्धं लिंबू. सोबत १०० ग्रॅम दही आणि एका मोठ्या काकडीची कोशिंबीर. या ताटात एकूण कर्बोदकं ३५ ग्रॅमच्या आसपास. नेहमीची बटाटा घातलेली, ७० ग्रॅम साबुदाण्याची बशी ८० ग्रॅमच्या जवळ जाते.

साबुदाणा दोन-तीन पाण्यांत धुवा, पाण्याचा पांढरा गढूळपणा जाईपर्यंत. मग पाणी निथळून, दाण्यांच्या जेमतेम वर येईल एवढंच पाणी ठेवून चार-पाच तास झाका. दाणा दोन बोटांत दाबला की पूर्ण चिरडला पाहिजे. मधे कडक कण लागला तर पाण्याचा हबका मारून अर्धा तास आणखी. कूट, मीठ आणि पनीर परतायच्या आधीच साबुदाण्याला चोळून घ्या, म्हणजे प्रत्येक दाण्यावर कुटाचा थर बसतो. तुपात जिरं-मिरची, मग मिश्रण, मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं. दाणा पारदर्शक दिसू लागला की बंद.

बिघडते कुठे? पाणी जास्त राहिलं तर लगदा. कूट कमी पडलं तर गोळा. बराच वेळ झाकण ठेवून वाफवली तर चिकट, आणि चिकट झालेली खिचडी चावावी लागत नसल्यामुळे भराभर खाल्ली जाते. पंचवीस ग्रॅम साबुदाणा भिजल्यावरही वाटीत कमीच दिसतो, म्हणून हात आपोआप डब्याकडे वळतो. तिथे आवरायचं. पोट भरण्याचं काम काकडी आणि दह्यावर सोपवलेलं आहे. साबुदाणा वड्यात तेच सामान तळून येतं, वर बटाटा. ज्यांना शुगरबरोबर वजनही सांभाळायचं आहे त्यांनी वडा आप्पेपात्रात करावा, तरी दोनपेक्षा जास्त नाही.

भगर एका माणसाला ४० ग्रॅम. आधी कोरडी तीन-चार मिनिटं भाजा, मग अडीचपट पाण्यात मोकळी शिजवा. तिपटीच्या वर पाणी घातलं की लगदा होतो. दाण्याची आमटी २५ ग्रॅम कूट, दोन आमसुलं, जिरं, मिरची, गूळ नको. आमसुलाचा आंबटपणा इथे चवीपलीकडेही उपयोगाचा आहे. भगर-आमटी-काकडी हे ताट खिचडीपेक्षा कधीही सरस, त्यामुळे एकादशीला एकदाच पोटभर खायचं असेल तर हेच खा.

थालीपिठाला विकतची उपवास भाजणी घेणार असाल तर पाकिटावरचा घटकक्रम वाचा. साबुदाणा पहिला लिहिलेला असेल तर तोच सर्वांत जास्त आहे. घरी करताना भगर आणि राजगिरा मिळून तीन भाग, साबुदाणा अर्धा भाग पुरतो. पीठ बांधायला उकडलेला बटाटा घालायची सवय सोडा. किसलेली काकडी आणि तिचंच सुटलेलं पाणी, दोन चमचे कूट आणि एक चमचा दही यांनी थालीपीठ व्यवस्थित थापलं जातं. कडेने फाटत असेल तर पीठ दहा मिनिटं झाकून ठेवा.

खाण्याचा क्रमही बदला. आधी कोशिंबीर, मग दही-पनीर-दाणे, पिष्ट शेवटी. तेच अन्न या क्रमाने खाल्ल्यावर शुगर कमी चढते हे अभ्यासांत दिसलेलं आहे. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालणं, देवळापर्यंतच का होईना.

चहा, पाकिटं आणि उपवास सोडताना

उपवासाच्या दिवशी भूक मारायला चहा वाढतो. पाच कप, कपाला दोन चमचे, म्हणजे ४० ते ५० ग्रॅम साखर. खिचडीतून जेवढं वाचवलं तेवढं चहातून परत. बिनसाखरेचा चहा जमत नसेल तर कप दोन करा आणि अर्धा चमचा. मधला वेळ पाणी किंवा जिरं घातलेलं ताक.

‘उपवासाचा’ असं लिहिलेल्या चिवड्यात पिठीसाखर सर्रास असते. ‘शुगर फ्री’ चिक्कीत गूळ असेल तर ती शुगर फ्री नाहीच. गूळ आणि मध यांचा साखरेशी फरक चवीचा आहे, शुगर चढवण्यात तो नगण्य. सैंधव मीठही सोडियमच. रक्तदाब असलेल्यांनी त्याची मोकळीक घेऊ नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांसाठी तर रताळं, बटाटा, केळं, शहाळं या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर आहे. त्यांनी वरचे सगळे आकडे बाजूला ठेवून आपल्या डॉक्टरांचं प्रमाण पाळावं.

संकष्टीचा पेच वेळेचा आहे. चंद्रोदय बहुधा रात्री नऊच्या सुमाराला, म्हणजे दिवसभर रिकामं पोट, मग वरण-भात, पोळी आणि मोदक, आणि लगेच झोप. मध्यम आकाराच्या उकडीच्या मोदकात उकड आणि गूळ मिळून २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. एक मोदक खायचा तर त्या जेवणात भात घ्यायचा नाही. दोन खायचे तर पोळीही नाही. दुपारी चारच्या सुमाराला मूठभर दाणे आणि ताक घेतलं तर रात्री ताटावर तुटून पडायला होत नाही. एकादशीचं पारणं सकाळी होतं, तेव्हा गोडाऐवजी डाळ आणि भाजीवर भर द्या.

नवरात्रात नऊ दिवस रोज साबुदाणा म्हणजे बद्धकोष्ठ ठरलेलं. आठवड्यात साबुदाणा एकदा, बाकी भगर, राजगिऱ्याची पोळी, सुरण, कच्ची केळी, लाल भोपळा अशी पाळी लावा. ज्या घरांत धान्यफराळाची पद्धत आहे, म्हणजे धान्य भाजून घेतलं की चालतं, त्यांना सगळ्यात सोपं आहे: रोजच्या ताटाच्या जवळपास राहता येतं.

औषधं चालू असतील तर

इथे जीआयपेक्षा गोळी महत्त्वाची. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटातल्या गोळ्या आणि इन्सुलिन, उपाशी राहिलात तरी शुगर उतरवत राहतात. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांवर असताना निर्जळी किंवा जवळजवळ उपाशी राहिलात तर शरीरातलं पाणी कमी होणं आणि रक्तात कीटोन आम्ल साचणं हे दोन धोके आहेत. नुसत्या मेटफॉर्मिनवर धोका कमी. म्हणून उपवासाच्या आधी आठवडाभर डॉक्टरांना विचारा: त्या दिवशी कुठली गोळी, किती, किती वाजता. स्वतःच्या मनाने गोळी बंद करणं आणि खिचडी खाणं ही सर्वांत वाईट जोडी.

टाइप १ मधुमेह, इन्सुलिन चालू असलेलं गरोदरपण, नुकतीच शुगर धोकादायक उतरून गेलेली, किंवा मूत्रपिंड-हृदयाचा गंभीर विकार असेल तर हरितालिकेसारखा निर्जळी उपवास करू नये. व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टींची जी जुनी यादी परंपरेने सांगतात, तिच्यात पाणी, कंदमुळं, फळं, दूध आणि औषध आहेतच. घरातल्या वडीलधाऱ्यांना पटवताना ही यादी डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा लवकर कामाला येते.

घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी आली तर आधी मोजा. ७० च्या खाली असेल, किंवा मोजायची सोय नसेल, तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यातून घ्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. चिक्की, दाण्याचा लाडू, खजूर-दूध या वेळी नको. स्निग्धांश आणि प्रथिनांमुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर होतो. आणि व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर साधी साखर लवकर काम करत नाही, कारण ती फोडणाऱ्या विकरालाच ही औषधं अडवतात. अशांनी ग्लुकोजची पूडच खिशात ठेवावी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. आणि त्या दिवशीचा उपवास तिथेच संपला असं समजा.

आपलं ताट आपणच तपासा

तक्त्यातला आकडा हा काही माणसांची सरासरी असतो. २०१५ मध्ये इस्रायलमध्ये ८०० लोकांवर झालेल्या अभ्यासात एकच पदार्थ वेगवेगळ्या माणसांची शुगर अगदी वेगळी चढवतो हे स्पष्ट दिसलं. ग्लुकोमीटर असेल तर पहिला घास घ्यायच्या आधी मोजा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी पुन्हा. शेवटच्या घासापासून मोजलं तर आकडा उगीच चांगला दिसतो. बोट साबणाने धुऊन पूर्ण कोरडं करा. खजुराचा किंवा केळ्याचा अंश बोटाला राहिला तर मीटर साठ-सत्तरने जास्त दाखवू शकतो, आणि लोक घाबरून जादा गोळी घेतात.

बहुतेक प्रौढ मधुमेहींना जेवणानंतर १८० च्या आत हे सर्वसाधारण लक्ष्य दिलेलं असतं; तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच. जेवणाआधीच्या आकड्यापेक्षा वाढ ५० च्या आत असेल तर ते ताट आमच्या मते ठेवण्यासारखं. त्याहून जास्त चढत असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी साबुदाणा किंवा भगर १० ग्रॅमने कमी, पुढच्या उपवासाला खाण्याचा क्रम, त्यापुढच्याला जेवणानंतरचं चालणं. तिन्ही एकदम बदलली तर कशाचा गुण आला ते कळत नाही. वहीत तारीख, कोरड्या साबुदाण्याचं वा भगरीचं वजन, सोबत काय होतं आणि दोन्ही आकडे लिहा. महिन्याला दोन एकादश्या आणि एक संकष्टी धरली तरी दिवाळीपर्यंत तुमचा स्वतःचा तक्ता तयार होतो.